डावीकडचा

रोह्याने धडक दिली ती डाव्या कोपऱ्यावर,
आर्णीच्या रस्त्यावर, तुरीच्या दोन वावरांमधे.
पडला, उठला, अंग झटकून निघून गेला,
जशी काही चूक माझीच.
बंपर वाचला. फुटला तो इंडिकेटर.

दिग्रसचा मिस्त्री म्हणाला, जोडी घ्या ताई,
एक नवा एक जुना बरा दिसत नाही,
आणि बसवायचे सहाशे.
जोडी घेतली. सहाशे नाही दिले.
दोन स्क्रू तर आहेत.

रविवार. अंगणात गाडी, तोंड गोठ्याकडे, चाकाखाली वीट.
अंबादास बाजेवर.
बावीस वर्षं काळीपिवळी चालवली या माणसाने,
दारव्हा ते दिग्रस, टपावर माणसं, बकऱ्या,
एकदा तर नवरी रुखवतासकट,
आणि इंडिकेटर म्हणजे त्याचा उजवा हात
खिडकीबाहेर, बिडीसकट.
साखरेने त्याचे डोळे नेले.
आता उजेड कळतो, अंधार कळतो,
मधलं काही कळत नाही.

"पाना कोनता घेतला?"
"पाना नाही, पेचकस."
"मंग बोनट उघड आधी. वरून हाये थो."
वरूनच होता.

स्क्रू काढून दिवा पुढे ओढायचा,
दूध पिणारं वासरू सोडवावं तसा,
जोर लावून, पण हिसका न देता.
उजवा निघाला. मागच्या पोकळीत कुंभारमाशीने
मातीचं घर केलेलं, तीन खोल्यांचं,
रंग द्यायचा तेवढा बाकी.
कोण जाणे किती वर्षं ती आमच्याबरोबर
फुकट फिरली. आर्णी, पुसद,
यवतमाळचा डोळ्यांचा दवाखाना.

डाव्याचा स्क्रू हातातून सुटला.
बंपरच्या पोटात टण वाजला आणि गप्प.
शेजारचा निकेत, सातवीतला,
जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून आला
आणि विहिरीत पडलेली बादली शोधावी तसा
गळ टाकत बसला.
आधी निघाला खिळा. मग बाटलीचं बूच.
मग एक स्क्रू, पण आमचा नाही.
"चालते," अंबादास म्हणाला, हातात न घेताच.

चावी फिरवली.
उजवीकडे दांडा: टिक. टिक. टिक.
डावीकडे: टिकटिकटिकटिक.
मला वाटलं, नवा आहे, हुरूप असेल.
"डावा पेटला नाई," बाजेवरून आवाज.
"तुम्हाले कसं समजलं?"
"एक मेला का मागचा घाई करते.
दोघायचं काम एकट्याले ओढा लागते ना."

निकेत हसला.
आम्ही दोघं नाही.

बल्ब अर्धवट बसला होता. आत दाबला, पाव फेरा दिला,
बोटाला कळलं की लागला.
तोवर दिवस बुडाला होता.
गोठ्याच्या चुन्याच्या भिंतीवर उजेड पडायला लागला
पिकल्या टेंभराच्या रंगाचा,
पडायचा, जायचा, पडायचा.

गावात याचा उपयोग काय, तेही खरंच.
फाट्यावर मी कुठे वळणार
हे पारावरच्यांना माझ्याआधी ठाऊक:
सोमवारी अंगणवाड्या, गुरुवारी इन्सुलिन.
न सांगता आला तो फक्त रोही.

निकेत बूच खिशात घालून घरी गेला.
अंबादासचं तोंड भिंतीकडे होतं.
मांडीवरचा त्याचा उजवा हात
उघडत होता, मिटत होता,
एकदाही न चुकता,
भिंतीबरोबर.

मी विचारलं नाही.

"बंद कर वो आता," तो म्हणाला. "बॅटरी उतरन."
"हाव," म्हटलं,
आणि दांडा तसाच राहू दिला.